थाळीचा तळ

बसा. श्वास आत येऊ द्या. सावकाश सोडा.

डोळ्यांसमोर एक लाकडी थाळी आणा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात प्लेन्स नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी अर्पणाची ही थाळी या हातातून त्या हातात जाते.

ती तुमच्यापर्यंत आली आहे. घ्या. तिची कड बोटांना लागू द्या.

आता हलकेच उलटी करा. तळाशी दोन अक्षरं आहेत. जे. सी.

जिमी कार्टर. थाळी त्यांनीच घडवली आहे.

त्या हातांकडे बघा. घाई नाही.

हातांना जॉर्जियाची तांबडी माती लागली आहे. १९५३ मध्ये वडील जातात. तरुण कार्टर आरमाराची नोकरी सोडून गावी परततात, भुईमुगात उतरतात. पुढच्याच वर्षी पाऊस दगा देतो. हाती जवळपास काही उरत नाही.

भुईमुगाचं पिवळं फूल बघा. फूल सुकतं. आऱ्या सुटतात, खाली वळतात, मातीत शिरतात. शेंग तिथे भरते, कुणाला न दिसता.

श्वास घ्या. त्या अंधारात थोडं राहा.

१९६३ मध्ये हा शेतकरी राज्याच्या सिनेटमध्ये बसतो. पुढे गव्हर्नर, पुढे राष्ट्राध्यक्ष. ते जगाने पाहिलं आहे. ते जाऊ द्या.

१९६५ पाशी थांबा. गावातलं जुनं बॅप्टिस्ट चर्च. कृष्णवर्णीयांना उपासनेला येऊ द्यायचं नाही, असा ठराव मांडला आहे. कार्टर उभे राहतात, विरोधात बोलतात. मतदान होतं. त्यांच्या बाजूने मोजकीच मतं पडतात, जवळजवळ सगळी त्यांच्याच घरातली.

त्यांच्या सबंध आयुष्यात मला हा क्षण सर्वांत जड वाटतो.

त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसा. काही बोलू नका. आजूबाजूचे चेहरे परके नाहीत, गावचेच आहेत. उद्या दुकानात, शेताच्या बांधावर पुन्हा भेटणार आहेत.

छातीत काय हलतं, ते ऐका.

ऐकत राहा.

याच प्रश्नावरून पुढे चर्च दुभंगतं आणि १९७७ मध्ये मॅरानाथा उभं राहतं. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर कार्टर तिथे येतात. रविवारी बायबलचा वर्ग घेत, नव्वदी ओलांडल्यावरही. चर्चभोवतीचं गवत कापत. पत्नी रोझलिन तिथली स्वच्छतागृहं धूत.

कापलेल्या ओल्या गवताचा वास येऊ द्या.

आता आपल्याकडे या. १९६० च्या दशकात कार्टर यांच्या आई लिलियन, सत्तरीच्या उंबरठ्यावर, विक्रोळीत परिचारिका म्हणून राबतात. आणि २००६ मध्ये लोणावळ्याजवळ ८२ वर्षांचे कार्टर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या स्वयंसेवकांबरोबर गरिबांची घरं बांधायला येतात.

बघा, भिंत चढते आहे. ज्यांचं घर, तेही कामाला लागले आहेत.