वडाचे फळ आणि पडद्यावरचा सर्प

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानमालेत मायावादावरील व्याख्यान ऐकण्याचा योग आला होता. वक्ते व्यासंगी होते, आणि रज्जुसर्पाचा प्रसिद्ध दृष्टांत श्रोत्यांच्या मनावर ठसावा एवढ्याच सद्धेतूने त्यांनी पडद्यावर चित्रांची योजना केली होती. परंतु पहिल्या चित्रात दोरी होती ती दोरीच दिसली, दुसऱ्यात सर्प होता तो सर्पच दिसला, आणि ज्या एका गोष्टीसाठी हा सारा खटाटोप मांडला होता ती भ्रांती दोन चित्रांमधल्या फटीतून निसटून गेली. चित्रकाराने फणा मात्र झकास काढला होता, आणि घरी परतताना मंडळी त्या फण्याविषयीच बोलत होती.

जे मुळात दृष्टीचा विषय नाही, ते सांगू पाहणाऱ्याने श्रोत्याच्या डोळ्यांपुढे काही धरावे की धरू नये, हा प्रश्न तेव्हापासून मनात रुजू झाला. ‘धरू नये’ असे म्हणून मोकळे होण्याची मुभा आपली परंपरा देत नाही; कारण अदृश्याच्या उपदेशाचा जो सर्वांत मोठा दाखला तिच्या दप्तरात आहे, तोच मुळी दृश्य साधनाचा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात बारा वर्षे अध्ययन करून ताठ मानेने परतलेल्या श्वेतकेतूला उद्दालक आरुणी वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास सांगतो, आत काय दिसते म्हणून विचारतो. बारीक बारीक बिया दिसतात असे उत्तर येताच त्यांतली एक फोडावयास सांगतो, आणि पुन्हा तोच प्रश्न करतो. आता काहीच दिसत नाही, असे मुलगा म्हणतो. हे ‘काहीच नाही’ पदरात पडल्यावरच बाप तत्त्वाचा उच्चार करतो, की जे तुला दिसत नाही त्या सूक्ष्मातूनच हा एवढा महावृक्ष उभा आहे.

या प्रसंगाची घडण वारंवार न्याहाळावी अशी आहे. फळ मुलाने आणावयाचे आहे, फोडावयाचेही त्यानेच; बापाच्या हाती केवळ प्रश्न आहेत. शिवाय, साधनाचा उपयोग ते शाबूत असेतोपर्यंत होत नाही, ते नाहीसे होते त्या क्षणी होतो. पुढच्याच खंडात मिठाचा खडा येतो, तो रात्री पाण्यात टाकविला जातो, आणि सकाळी ‘तो खडा आण’ असा हुकूम होतो. खडा सापडत नाही. मग वरचे पाणी, मधले पाणी, तळचे पाणी चाखविले जाते, आणि डोळ्यांनी दिलेली ‘नाही’ची ग्वाही जिभेच्या साक्षीने खोटी ठरते. पडद्यावरच्या सर्पाची उणीव येथे ध्यानात येते: तो फोडता येत नव्हता, आणि विरतही नव्हता.

शास्त्रकारांना या गोष्टीची पुरती जाण होती, हे अरुंधतीन्यायावरून कळते. सप्तर्षींतील वसिष्ठाशेजारची ती अंधुक तारका एकदम दाखविली तर दिसत नाही, म्हणून जवळचा ठळक तारा दाखवून ‘हीच अरुंधती’ असे प्रथम सांगावयाचे, आणि नजर तेथे स्थिरावली की ते विधान मागे घेऊन खरी अरुंधती दाखवावयाची. ब्रह्मसूत्रभाष्याच्या पहिल्या अध्यायात शंकराचार्यांनी हा दाखला घेतला आहे, आणि त्यांचा भर दाखविण्याइतकाच मागे घेण्यावर आहे; स्थूल तारा दाखवून जो गप्प बसला त्याने शिकविले नाही, फसविले. (आपल्याकडे विवाहात अरुंधतीदर्शनाचा विधी असतो, आणि आता तो भर दुपारी कार्यालयाच्या छताकडे बोट करून उरकला जातो, तेव्हा मागे घेण्यासारखेही काही उरत नाही.)

म्हणून चित्र दाखविणारे सगळेच उथळ असे मात्र कोणी समजू नये. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरणासारखा रूक्ष विषय कित्येक हात लांबीच्या पासोडीवर उतरविला, हा तपशील वेदांत्यांनी विसरू नये असा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारताची चित्रे एकेक करून पुढे मांडतात आणि वाद्याच्या साथीने कथा गातात; चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथातही चित्रकथकाचा निर्देश आहे, इतकी ही वृत्ती जुनी. त्या चित्रांतली माणसे पुष्कळदा एका बाजूने रेखलेली, टपोऱ्या डोळ्यांची, एकमेकांसमोर ताटकळत उभी असतात. त्यांत गती नाही, कारण ती गाणाऱ्याच्या कंठासाठी राखून ठेवलेली आहे. प्रसंग संपला की चित्र उचलले जाते आणि त्याच्या जागी दुसरे येते, त्यामुळे कोणत्याही एका चित्राला कथेपेक्षा मोठे होण्याची सवड मिळत नाही. पुढे कल्याणच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे जे खेळ दिव्याच्या प्रकाशात केले, त्यांत चित्रे हलूही लागली. आणि माझ्या समजुतीप्रमाणे सांगणाऱ्याचे महत्त्व ओसरण्यास तेथूनच आरंभ झाला.

उलट नारदीय कीर्तनकाराकडे पाहावे. त्याच्यापाशी ना पट, ना पडदा. अंगावर एक उपरणे असते. पूर्वरंगातील निरूपण आटोपून आख्यान रंगात आले की तेच उपरणे डोक्यावरून येऊन सीतेचा पदर होते, पिळून मागे धरले की मारुतीचे पुच्छ होते, दोन्ही हातांत ताणले की शिवधनुष्य होते, आणि श्रोत्यांपैकी एकालाही ते उपरणे आहे याचा विसर पडलेला नसताना प्रत्येकाला धनुष्य दिसते. ते मोडते तेव्हा मृदंगावर थाप पडते, मागच्या रांगेतली पेंगणारी पोरे दचकून जागी होतात, आणि बुवा त्याच शिवधनुष्याने कपाळावरचा घाम पुसून पुढच्या पदाला सुरुवात करतात.