पहिला कॅमेरा आणि परिग्रहाचे माप

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये उडते पक्षी टिपण्यासाठी बनवलेला कॅमेरा हुबेहूब बंदुकीसारखा होता. दस्ता खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. सेकंदाला १२ प्रतिमा मिळत आणि पक्षी सुखरूप उडून जाई. पण जिवाला न मारता त्याची छबी घेतली, एवढ्याने अहिंसा पुरी होते का?

भारतीय कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत प्राण्याला आमिष दाखवणे येते आणि रानपक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणेही येते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. माणूस जवळ आला की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते. तेवढा वेळ अंडी उन्हात तापत असतात. चित्रफितीत हा कल्लोळ फार जिवंत दिसतो, आणि तीच त्या फितीतली हिंसा आहे.

जैन मुनींच्या आचारात ईर्यासमिती आहे: पुढची जमीन निरखत, जीवजंतू जपत पाऊल टाकायचे. गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण आहे. आपल्याजवळ किती असावे, याची मर्यादा ज्याची त्याने घालून घ्यायची. रानातल्या जिवांचे चित्रीकरण शिकू पाहणाऱ्याला या दोन्हींचा एकदम विचार करावा लागतो. प्राण्यापासून दूर राहायचे तर लांब पल्ल्याची लेन्स हवी, आणि मोठ्या टेलीफोटो लेन्सची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची.

यातून वाट काढतो तो ब्रिज कॅमेरा. त्याची लेन्स बदलता येत नाही, पण झूम प्रचंड असतो. निकॉनच्या कूलपिक्स पी९५० चा झूम ८३ पट, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात २००० मिलिमीटर. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स७० चा ६५ पट, म्हणजे १३६५ मिलिमीटर. दोन्ही फोर-के व्हिडिओ घेतात. अशा कॅमेऱ्याने बांधावर बसून तळ्याच्या पलीकडचा बगळा टिपता येतो, त्याला उठवावे लागत नाही. नवशिक्यासाठी यापेक्षा मोठा गुण नाही. पैशांची ओढाताण असेल तर असाच कॅमेरा सेकंडहँड घ्यावा, पण पूर्ण झूमवर चित्र स्थिर राहते का, हे दुकानातच तपासावे.

उणिवाही खऱ्या आहेत. सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला चित्र दाणेदार येते. भर दुपारी तापलेल्या हवेने दूरचे दृश्य थरथरते. अशा वेळी चार पावले पुढे सरकण्याचा किंवा दिवा मारण्याचा मोह होतो. खरे परिमाण तिथे घालायचे असते. अंधार दाटला की कॅमेरा बंद करावा. रात्रीच्या त्या प्राण्यावर आपला काही हक्क नाही.

महागड्या सामग्रीने हा प्रश्न सुटत नाही. डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८) या ऑस्करविजेत्या माहितीपटात लेमिंग हे छोटे प्राणी आपणहून कड्यावरून उड्या घेताना दिसतात. ते दृश्य बनावट होते. प्राणी बाहेरून आणून कड्यावरून लोटले गेले होते, हे १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने उघड केले. लेमिंग आत्महत्या करतात ही समजूत मात्र अजून पुसलेली नाही. अहिंसा मोडली तिथे सत्यही मोडले, आणि दोन्हींची किंमत मुक्या जिवांनी मोजली.

म्हणून पहिला कॅमेरा घेणाऱ्याने बजेटमधले थोडे पैसे चांगल्या ट्रायपॉडसाठी राखून ठेवावेत. ऑटोफोकससाठी लागणारा दिवा आणि शटरचा आवाज मेनूत जाऊन बंद करावा. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घ्यावी. आणि चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले, तर रेकॉर्डिंग तसेच सोडून मागे सरावे.