सही कुठे करायची?

मी अकरावीला होतो तेव्हा आई सरपंच झाली. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणारं. २०११ साली राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या आणि पुढच्याच निवडणुकीत आमच्याकडे सरपंचपद महिलेसाठी निघालं. घरी ठरलं. म्हणजे बाबा, काका आणि गावातल्या चार माणसांनी ठरवलं. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, तिला आत येऊन सांगितलं, "उद्या तहसीलला फॉर्म भरायला जायचंय, चांगली साडी काढून ठेव."

नंतरची दोन वर्षं ग्रामसेवक कागद घेऊन आमच्याच ओटीवर यायचे. बाबा त्यांच्याशी बोलायचे, मी कागद वाचायचो. सगळं ठरलं की आईला हाक जायची. ती पदराला हात पुसत यायची आणि मी कागदावर बोट ठेवून सांगायचो, "इथे कर. आता इथे." आई सातवी शिकलेली. तिला वाचता येत होतं. वाचायला वेळ मात्र आम्ही कधी दिला नाही. मला तेव्हा यात काही खटकलं नाही. उलट सोळाव्या वर्षी गावाचा कारभार कळतो म्हणून मी कॉलेजात भाव खायचो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण ऑफिसमधलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मागच्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका मुलीला लीड केलं. विदर्भातल्या छोट्या गावातून आलेली, घरातली पहिली पदवीधर. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "आता काय बाबा, कोटाच आहे." सगळे हसले. मीही हसलो. हसल्यावर लक्षात आलं, की गेल्या वर्षी मला प्रमोशन मिळालं तेव्हा माझ्या लायकीची चौकशी कोणी केली नव्हती.

त्या रात्री मी शोधत बसलो, की सरकारी खुर्च्यांवर पहिल्यांदा बसलेल्या बायकांना काय काय ऐकावं लागलं असेल.

सी. बी. मुथम्मा कोडगूच्या. १९४९ साली परराष्ट्र सेवेत गेलेल्या भारतातल्या पहिल्या महिला अधिकारी. मुलाखतीतच त्यांना सांगितलं गेलं, की ही सेवा बायकांसाठी बरी नाही. त्यानंतर दोनेक वर्षांत केरळच्या ॲना राजम जॉर्ज मुलाखतीला गेल्या, भारतातल्या पहिल्या महिला आयएएस अधिकारी. त्यांना सल्ला मिळाला, की प्रशासकीय सेवा नको, बायकांना परराष्ट्र सेवा बरी! मी हे दोनदा वाचलं. एकीला सांगतात ते दार तुझं नाही, दुसरीला सांगतात तेच दार तुझं. अडचण दाराची नव्हतीच. जी समोर उभी असेल तिला दुसरीकडे पाठवायचं, एवढंच पक्कं होतं.

दोघी तरीही आत गेल्या. पण कशा? लग्न केलं तर नोकरी जाईल, ही अट मान्य करून. परराष्ट्र सेवेच्या १९६१ च्या नियमांत तर लिहिलेलंच होतं, की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं तर तिला लग्नानंतर कधीही राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराबद्दल असं एक अक्षर नव्हतं. मुथम्मा १९७० साली हंगेरीत राजदूत झाल्या. पुढे वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली, तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. सरकारचं म्हणणं काय, तर गुणवत्ता कमी पडली. गंमत बघा, खटला चालू असतानाच ती बढती मिळाली! १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बढती मिळाली म्हणून याचिका निकाली काढली. पण ते नियम भेदभाव करणारे आहेत हे स्पष्ट बजावलं आणि सरकारला ते तपासून दुरुस्त करायला सांगितलं.

'गुणवत्ता' या शब्दाने मी थांबलो. टपरीवर आम्ही हाच शब्द वापरतो. शब्द वाईट नाही. पूल बांधणाऱ्याला पूल बांधता आलाच पाहिजे. प्रश्न असा आहे, की गुणवत्ता येते कुठून? कोडिंग मी काम करूनच शिकलो. पहिल्या वर्षी माझ्या एका चुकीने अर्धा दिवस सर्व्हर बंद होता. सीनियरने शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी परत काम दिलं. ते परत दिलेलं काम म्हणजे माझी गुणवत्ता. आईला आम्ही काय दिलं? खुर्ची दिली, काम काढून घेतलं, आणि मग गावच म्हणायला लागलं, "बाईला काय कळतंय, सगळं नवराच बघतो." आधी कोणाला शिकू द्यायचं नाही आणि मग तिला येत नाही हाच पुरावा म्हणून दाखवायचा.

ॲना राजम यांना हे नेमकं ठाऊक असावं. मद्रास राज्यात त्यांना जिल्ह्याऐवजी सचिवालयात बसवायचा विचार होता. त्या अडून बसल्या आणि सबकलेक्टर झाल्या. खुर्चीबरोबर काम मागून घेतलं. त्यांची गोष्ट पुढे आमच्याच जिल्ह्यात येते. लग्नानंतर ॲना राजम मल्होत्रा झालेल्या याच बाईंनी उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराची उभारणी सांभाळली. ते बंदर १९८९ साली सुरू झालं, त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. खालापूरच्या टोलनाक्यावर कंटेनरच्या ट्रेलरांमागे अडकून मी आजवर किती तास घालवले असतील, पण तो माल जिथून येतो त्या बंदरामागे एक बाई होती हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेत कोणी सांगितलं नाही.

पण इथे गोष्ट गोड करून संपवता येत नाही. त्या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. बंदर उत्तम चालवणारी बाई होती म्हणून कोळणींचं गेलेलं गाव परत आलं नाही. ॲना राजम यांना मी दोष देत नाही, तो निर्णय एका माणसाचा नव्हता. पण खुर्चीवर कोण बसलंय हा एक प्रश्न आणि खुर्ची कोणासाठी काम करते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की आपण टाळ्या वाजवतो आणि दुसरा विचारायचाच राहतो.

हे मला आमच्याच पंचायतीत कळलं. आईच्या तिसऱ्या वर्षी बाबा आजारी पडले, दोन महिने पनवेलच्या हॉस्पिटलात. मी डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर. ओटी रिकामी झाली आणि आई पहिल्यांदा पंचायतीच्या ऑफिसात एकटी जाऊन बसली. त्याच दिवसांत महिला ग्रामसभा झाली. एरवी ही सभा कागदावरच व्हायची. वरच्या ठाकूरवाडीतल्या एक सदस्य होत्या, आई त्यांना वहिनी म्हणायची. अंगठा लावायच्या. त्या दिवशी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "टाकी बांधलीत ती वाडीच्या खाली. पानी वर चढतं का?"

टाकी बांधून झाली होती. टेम्पो जिथपर्यंत जातो तिथे बांधली होती. वाडी त्याच्या वर दहा मिनिटांच्या चढावर. बायका पूर्वीसारख्याच डवऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत होत्या. त्या टाकीच्या ठरावावर आईची सही होती. इथे कर म्हणून बोट मी ठेवलं होतं. आणि वहिनींचा अंगठाही होता, "लावा आणि जा घरी, उन्हाचं कशाला थांबता," असं आईनेच त्यांना मायेने सांगितलेलं.

आई त्या रात्री फोनवर म्हणाली, "तुम्ही मला जसं केलंत ना, तसंच मी तिला केलं." तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं. मला काही बोलता आलं नाही.

आईला सातवीचं शिक्षण होतं, वहिनींना अक्षर ओळख नव्हती, आणि माझं इंजिनिअरिंग सुरू झालं होतं. त्या डोंगरावर पाणी कुठून कुठे वाहतं हे आमच्यात फक्त वहिनींना माहीत होतं. अशा माणसाला टेबलाशी बसवणं म्हणजे उपकार किंवा भरपाई असं मला आता वाटत नाही. ती नसली तर टाकी चुकीच्या जागी बांधली जाते, इतकं ते व्यवहाराचं आहे. फक्त ती टेबलाशी असणं पुरत नाही. तिला विचारावं लागतं, आणि तेही बांधायच्या आधी.

पॅट्रिशिया रॉबर्ट्स हॅरिस या १९६५ साली अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला राजदूत झाल्या, लक्झेंबर्गला. नेमणुकीच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, की अभिमान वाटतो, पण 'पहिली' म्हणवून घेताना थोडं वाईटही वाटतं, कारण त्याचा अर्थ असा की याआधी आमचा विचारच झाला नव्हता. आपण 'पहिली महिला' अशी बातमी शेअर करतो तेव्हा ती त्या बाईची कौतुकाची बातमी असते. आपल्याबद्दलही ती काहीतरी सांगत असते. तेवढं वाचून मग शेअर करावं.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला आहे. वंचित घरातून आलेल्या बाईने सगळ्या वंचितांचं ओझं वाहायचं, हीही जबरदस्ती नाही का? आहे. माझ्या लीडने चांगलं सॉफ्टवेअर लिहावं, एवढंच तिचं काम. मी कोणाचं प्रतिनिधित्व करतो हे मला कोणी विचारत नाही, मग तिलाच का? म्हणून मला वाटतं, जास्तीचं कर्तव्य खुर्चीवर पोचलेल्या बाईचं नाही. ते आधीपासून ओटीवर बसलेल्यांचं आहे. म्हणजे बाबांचं आणि माझं.

टपरीवर मी अजून काही बोललेलो नाही, हे कबूल करतो. एवढंच केलं, की गेल्या आठवड्यात परदेशी क्लायंटच्या कॉलवर सवयीने मीच उत्तर द्यायला लागलो, तेव्हा मध्येच थांबून म्हणालो, "हे तिने डिझाइन केलंय, ती सांगेल." तिने सांगितलं. माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

वरच्या वाडीत पुढे मोटर बसली. वीज असली की पाणी चढतं. आईची मुदत संपूनही आता बरीच वर्षं झाली. परवा बँकेचा माणूस घरी फॉर्म घेऊन आला होता. घाईत होता, पेनाने खूण करून म्हणाला, "काकू, इथे सही."

आईने चष्मा लावला आणि त्याला खुर्ची दिली. "बस जरा," म्हणाली. "वाचू दे."