अभय देणाऱ्याची जबाबदारी

पंचशील घेताना पहिले शील आपण म्हणतो ते जीवहिंसेपासून दूर राहण्याचे. आपण मारले नाही म्हणजे ते पाळले, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु ज्या प्राण्याला आपण मारत नाही, नुसते पाहायला जातो, त्याचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न रिकामपणाचा वाटेल. तो तसा नाही, हे अमेरिकेच्या अलास्का राज्यातील एका नदीच्या हकिकतीवरून दिसते.

मॅकनील नदी अलास्काच्या नैर्ऋत्य भागात समुद्राला मिळते. तेथे रस्ता जात नाही. लोक बहुधा पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानानेच तेथे पोहोचतात. जुलैच्या सुमारास सॅमन नावाचे मासे समुद्रातून या नदीत चढू लागतात. त्यांचा जन्म गोड्या पाण्यातला. काही वर्षे समुद्रात वाढून ते अंडी घालायला परततात आणि अंडी घातली की मरतात. वाटेत धबधबा आहे. तेथे मासे अडतात, आणि म्हणून तेथेच तपकिरी अस्वले जमतात. एका वेळी ७० हून अधिक अस्वले मोजली गेली आहेत. एरवी हे जनावर एकटे राहणारे. पण अन्न मुबलक असले की शेजारी दुसऱ्याला खपवून घेते. दांडगे नर मोक्याच्या जागा धरतात, बाकीची खालच्या पाण्यात उभी राहतात. मासा जिवंतच फाडला जातो. पोट भरत आले की अस्वल फक्त कातडी, अंडी आणि मेंदू खाते व बाकीचे टाकून देते. त्यावर पक्षी जगतात, आणि उरले ते काठच्या झुडपांचे खत होते.

यावर कोणी कोमल मनाचा माणूस विचारील, माशाची दया करू नये काय? माझ्या मते येथे अस्वलाला दोष लावण्यात अर्थ नाही. शील हे हेतूवर उभे असते, आणि अस्वलापुढे दुसरा मार्गच नसतो. निवड करता येते ती माणसाला. म्हणून शीलाचा प्रश्न उरतो तो काठावर उभे राहून पाहणाऱ्याचा.

हे क्षेत्र १९६७ साली राज्याने अभयारण्य केले. तरीही लोक हवे तेथे हिंडत, धबधब्यापर्यंत जात, आणि अस्वले बिथरून निघून जात. तेव्हा १९७३ पासून परवाने सुरू झाले. सोडत काढून दिवसाला जास्तीत जास्त १० जणांनाच पाहणीसाठी नेतात. ठरलेली वाट, ठरलेली जागा, सोबत वाटाड्या. १९७६ मध्ये लॅरी ऑमिलर हे अधिकारी तेथे आले आणि सुमारे तीस उन्हाळे राहिले. त्यांची पद्धत साधी होती: अस्वलाला काही शिकवायचे नाही, माणसाला शिकवायचे. माणूस रोज सारखाच वागला, त्याने कधी दुखावले नाही आणि कधी खाऊही दिला नाही, तर अस्वल त्याची भीती सोडते. आपल्याकडे अस्वल ठाऊक होते ते दरवेशाचे, नाकात दोर घातलेले. (त्या बिचाऱ्या दरवेशाचे पोटही त्याच दोराला बांधलेले असे.) तेथे अस्वल माणसाचा नेम पाळी, येथे माणूस अस्वलाचा पाळतो.

खाऊ न देण्याचा नियम काहींना कठोर वाटेल. परंतु माणसाकडून अन्न मिळायची सवय लागलेले अस्वल पुढे तंबूत, घरात शिरते आणि बहुधा गोळी खाऊन मरते. भाकरीचा तुकडा टाकून समाधान मिळते ते आपल्याला. किंमत भरते ते अस्वल.

त्याच भागातील कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात टिमोथी ट्रेडवेल नावाचा गृहस्थ तेरा उन्हाळे अस्वलांत राहिला. त्यांना नावे ठेवी, अगदी जवळ जाई. त्याचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण ऑक्टोबर २००३ मध्ये अस्वलाने त्याला व त्याच्या सोबतिणीला मारले, आणि त्यानंतर दोन अस्वले गोळीला बळी पडली. मैत्री आणि आसक्ती यांतला भेद उपासक-उपासिकांनी येथे पाहावा. समोरच्याने आपल्याला आपले म्हणावे अशी अपेक्षा शिरली की मैत्री गढूळ होते. मॅकनीलच्या काठावर अस्वलांकडून कोणी काही मागत नाही, आणि तेथे अस्वलिणी माणसांपासून काही पावलांवर बसून पिल्लांना पाजतात.

खरी कसोटी पुढे आली. अभयारण्याची हद्द नकाशावर असते, अस्वलाला ती दिसत नाही. २००५ साली राज्याच्या शिकार नियमन मंडळाने हद्दीला लागून असलेल्या जमिनीवर २००७ पासून अस्वलांची शिकार खुली करण्याचे ठरवले. म्हणजे ज्या जनावराला 'माणसाला भिऊ नकोस' असे तीस वर्षे पटवले, तेच थोडे पलीकडे गेले की बंदुकीपुढे निर्धास्त उभे राहणार. शिकार चांगली की वाईट हा वाद वेगळा. भिणाऱ्या अस्वलाला निदान पळता येते. आपण अभय द्यायचे, आणि त्या अभयाचा फायदा दुसऱ्याने घ्यायचा, याला दगा म्हणतात. मग गोळी कोणीही झाडो.

ऑमिलर यांनी २००५ मध्येच ते काम सोडले. पुष्कळ लोकांनी हरकती घेतल्यावर २००७ साली, शिकार सुरू होण्यापूर्वीच, मंडळाने तो निर्णय फिरवला.