प्रारब्ध आणि किरणोपचार

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार सुचवला गेला की घरात वैद्यकीय चिंतेबरोबर एक जुना तात्त्विक प्रश्नही उभा राहतो. आयुष्याची दोरी आधीच मोजून दिलेली असेल, तर सहा-सात आठवडे परगावी राहून शेक घेतल्याने तिची लांबी बदलणार कशी? बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न नुसता पोथीपुरता राहत नाही. तंबाखू-चुना, गुटखा आणि खर्रा यांच्या पाठोपाठ येणारा तोंडाचा कर्करोग इथल्या गावांना अनोळखी नाही. उपचारासाठी मात्र बहुतेकांना अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. शेतीचा हंगाम, सोबत कोण जाणार, राहायचे कुठे, या हिशेबात ‘भोग’ आणि ‘प्रारब्ध’ हे शब्दही तोलले जातात, आणि कधी कधी पारडे त्यांच्याच बाजूने झुकते.

ज्या परंपरेतून हे शब्द येतात, तिने स्वतः या प्रश्नाचा विचार केलेला आहे, तोही याच जिल्ह्यात. शेगावच्या गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. त्यांचे ओवीबद्ध चरित्र ‘श्री गजानन विजय’ दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचले. एकवीस अध्यायांच्या या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, जानराव देशमुखांची कथा येते. वैद्यांनी आशा सोडलेले जानराव महाराजांच्या चरणतीर्थाने वाचतात. कथा इथेच संपली असती तर ती चमत्काराची कथा ठरली असती. पण दासगणू पुढे एक शंका स्वतःच काढतात: संत मरण टाळू शकतात, तर मग कुणी मरतेच कसे? उत्तरादाखल ते मृत्यूचे तीन प्रकार सांगतात. आध्यात्मिक मृत्यू कुणालाच टळत नाही. आधिभौतिक मृत्यू कुपथ्यासारख्या कारणांनी ओढवतो आणि जाणत्या वैद्याच्या औषधाने टळू शकतो. आधिदैविक मृत्यू नवस-सायासाने टळतो.

या वर्गीकरणात औषधाला स्वतःचे, मान्य केलेले स्थान आहे, ही गोष्ट पारायण करणाऱ्यांच्याही नजरेतून अनेकदा सुटते. त्याहून महत्त्वाचे ते, जे ग्रंथ सांगत नाही. समोरच्या आजाऱ्याचा मृत्यू तिन्हींपैकी कोणत्या प्रकारातला, हे आधी ओळखण्याची कोणतीही खूण त्यात दिलेली नाही. जानरावांच्या बाबतीत सगळ्यांनी आशा सोडली होती आणि सगळे चुकले. म्हणजे टळणारे मरण आणि न टळणारे मरण यांतला फरक प्रयत्न झाल्यानंतरच कळतो. प्रयत्नाआधीच ‘हे प्रारब्धच आहे’ असे म्हणणारा माणूस ग्रंथाने कुणालाही न दिलेले ज्ञान आपल्याकडे असल्याचा दावा करत असतो.

चरकसंहितेने हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांना विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार (माणसाचा प्रयत्न) या दोहोंच्या बळाबळावर अवलंबून असते. सगळेच ठरलेले असते तर औषध, पथ्य, सावधगिरी यांना काही अर्थच उरला नसता. दृष्टांत गाडीच्या आसाचा आहे. चांगला आस रीतसर वापरला तर झिजून आपल्या वेळी निकामी होतो. तोच अतिभाराने, खराब रस्त्याने किंवा वंगणाअभावी मध्येच मोडतो. दोन्ही शेवटच, पण दुसरा टाळता आला असता. चरकाने उपचारांचेही तीन प्रकार मानले: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र-उपासना, औषध-आहार आणि मनाचा निग्रह तिथे एकाच पंक्तीला बसतात. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे त्यात कुठेही सुचवलेले नाही.

किरणोपचार हा युक्तीचा प्रकार, आणि त्याची युक्ती समजून घेतल्यावर प्रारब्धाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. उपचाराच्या अवजड यंत्रातून येणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला जाणवतही नाहीत. लोक ‘शेक’ म्हणतात, पण उष्णता जवळजवळ नसतेच. संपूर्ण शरीरावर ४ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) इतकी मात्रा एकदम पडली तर उपचाराअभावी सुमारे निम्मी माणसे दगावतील. तरी तेवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेच वाढते. काम होते ते उष्णतेने नव्हे. किरण पेशीतले इलेक्ट्रॉन उडवतात, पाण्याच्या रेणूंचे तुकडे होऊन अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ते डीएनएच्या साखळीवर आघात करतात. १ ग्रे मात्रेने एका पेशीत साखळीच्या एका बाजूच्या सुमारे हजार तुटी आणि दोन्ही बाजू तोडणारे सुमारे चाळीस घाव होतात. एकेरी तूट पेशी सहज सांधते. दुहेरी घाव तिला जड जातो, आणि तो नीट सांधला गेला नाही तर विभाजनाच्या वेळी ती मरते.

किरणाला निरोगी आणि रोगट पेशी यांतला भेद कळत नाही. भेद पेशींच्या स्वभावात आहे. निरोगी पेशी दुरुस्तीत तरबेज असतात, कर्कपेशींची ती यंत्रणा बहुधा बिघडलेली असते. म्हणून एकूण मात्रा दिवसागणिक तोडून दिली जाते: तोंड-घशाच्या कर्करोगात साधारण २ ग्रे रोज, आठवड्यातले पाच दिवस, ६६ ते ७० ग्रे होईपर्यंत. दोन शेकांमधल्या वेळात निरोगी भाग स्वतःला सावरतो. प्लास्टिकच्या जाळीदार मुखवट्याने डोके स्थिर धरले जाते, किरण वेगवेगळ्या कोनांतून गाठीवर एकवटतात. तरीही तोंड सोलपटते, लाळ आटते, चव जाते, कातडी काळवंडते. जखम करूनच बरे करणारा हा उपचार आहे, आणि तो घेणाऱ्याला ते आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

आता दैवाकडे. कोबाल्ट-६० हे किरणोपचारातले जुने साधन; भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले ‘भाभाट्रॉन’ यंत्र त्यावरच चालते. कोबाल्टचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे. म्हणजे इतक्या काळात त्याचे निम्मे अणू किरण टाकून निकेल झालेले असतील, हे इतक्या खात्रीने सांगता येते की त्यावरून रोजच्या शेकाची सेकंदे मोजली जातात. मात्र शेजारशेजारच्या दोन अणूंपैकी कोणता आज फुटेल आणि कोणता वीस वर्षांनी, हे सांगणारा कोणताही गुण त्या अणूंत भौतिकशास्त्राला सापडलेला नाही. समूहाचा नियम काटेकोर आहे, व्यक्तीपुरता नियम नाही.

गाठीतही हेच घडते. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात. रोजच्या २ ग्रेने त्यांतल्या निम्म्या मरतात असे धरू. तीस शेकांनंतर सरासरी एकाच्या आसपास पेशी उरते, आणि एकही न उरण्याची शक्यता शंभरात सुमारे चाळीस असते. आणखी पाच शेक झाले की उरलेल्या पेशींची सरासरी ०.०३ वर येते आणि एकही न उरण्याची शक्यता शंभरात सत्त्याण्णव होते. प्रत्यक्षात पेशी मधल्या काळात वाढतात, प्राणवायू कमी असलेल्या पेशी चिवट निघतात, म्हणून आकडे इतके सुबक नसतात. तत्त्व तेच राहते. तीस शेक घेतलेले दोन रुग्ण सर्व बाबतींत सारखे असले तरी एक बरा होईल, दुसऱ्याच्या गाठीत एक पेशी वाचेल. या फरकामागे पुण्य नाही, पाप नाही, डॉक्टरांचे कौशल्यही नाही. याला कुणी दैव म्हणायचे ठरवले तर हरकत नाही. पण हे असे दैव आहे की पाच दिवसांच्या प्रयत्नाने त्याचा कल चाळीसवरून सत्त्याण्णववर जातो. आत्रेय ज्याला बळाबळ म्हणतात, ते याहून नेमक्या शब्दांत मांडणे कठीण आहे.

या हिशेबाचा व्यावहारिक परिणाम कठोर आहे. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. तोंड-घशाच्या कर्करोगात वाया गेलेल्या एकेका दिवसाने गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. पेरणी, लग्न, पंढरीची वारी, पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावरची होळीच्या सुमाराची यात्रा, यांतले काहीही मध्ये आले तर त्याची किंमत या टक्क्यांत मोजावी लागते. सैलानीला हिंदू-मुसलमान दोघेही व्याधी घेऊन जातात. वार्धक्य सोडून प्रत्येक आजाराला औषध आहे आणि ते घ्यावे, अशी शिकवण पैगंबरांच्या वचनांत सांगितली जाते. तेव्हा दर्गा हा उपचाराला पर्याय मानण्याला इस्लामी परंपरेतही आधार काढावा लागतो, तो आयता मिळत नाही. नवस फेडायला उपचारानंतरचा दिवसही चालतो. शेकाला मात्र ठरलेलाच दिवस लागतो.

प्रारब्धाची दुसरी बाजू अधिक दुखरी आहे. ‘टळणार नाही’ यापेक्षा ‘कमावलेले आहे’ हे वाक्य रुग्णाला खोल लागते. खर्रा खाणाऱ्याला गावच सांगते की केले तसे भरले. तंबाखूमुळे कर्करोग होतो यात शंका नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली ती उगाच नव्हे. पण कारण दाखवणे वेगळे आणि शिक्षा सुनावणे वेगळे. आयुष्यभर खर्रा खाऊनही अनेकांना काही होत नाही, आणि कधी सुपारीही न चाखलेल्या बाईच्या जिभेवर गाठ येते. शिक्षा म्हणावी तर ती अशी चिठ्ठी टाकून दिली जात नाही.

जिल्ह्यातल्या मोठ्या बौद्ध समाजाच्या परंपरेत या बाबतीत फार स्पष्ट विचार आहे. संयुत्तनिकायातल्या सीवकसुत्तात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळे, असे म्हणणारे बरोबर आहेत काय? बुद्ध आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वर्तन, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक. कर्म हे आठांतले एक, आणि जे सगळे त्याच्यावर ढकलतात ते प्रत्यक्ष अनुभव आणि लोकांनी मानलेले सत्य, दोन्ही ओलांडतात, असा निर्वाळा बुद्ध देतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरवणारा सिद्धान्त बुद्धांचा मानायला नकार दिला.

वैदिक-भक्ती परंपरेतली उदाहरणेही शिक्षेच्या कल्पनेविरुद्धच साक्ष देतात. रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. रमण महर्षींच्या दंडावर अर्बुद झाले. १९४९ मध्ये शस्त्रक्रियेबरोबर रेडियमचाही उपचार झाला, हात कापण्यास त्यांनी नकार दिला, आणि १४ एप्रिल १९५० रोजी ते गेले. विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच गेले. ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिणाऱ्या या माणसाच्या नावाने नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय चालते. कर्करोग पापाचे फळ असेल, तर या तिघांचे पाप दाखवण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यांवर येते.

शेजारधर्माचा मुद्दाही इथेच येतो. बाहेरून दिलेल्या किरणांनी रुग्णाचे अंग किरणोत्सारी होत नाही. यंत्र बंद झाले की किरण संपले. तरीही रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवण्याची, लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवण्याची रीत दिसते. ही भीती विज्ञानाची नाही. ती जुन्या विटाळाचे नवे रूप आहे.

उलट बाजूला, परंपरेनेच उपचार शक्य केल्याची उदाहरणे आहेत. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. तिथे शेक रोज काही मिनिटांचा, पण मुक्काम दीड-दोन महिन्यांचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शेकाचा खर्च निघू शकतो. मुंबईतला निवारा त्यातून निघत नाही. शेगाव, नांदुरा, मलकापूरहून रेल्वेने उतरलेल्या अनेकांना तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मिळतो. नवस आणि बळी यांवर आयुष्यभर खराटा चालवणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाची ही जागा किरणोपचाराचाच एक भाग झाली आहे. छप्पर नसते तर कित्येकांचे शेक मध्येच सुटले असते.

शेवटचा प्रश्न दासगणूंच्या पहिल्या प्रकाराचा: मरण टळणारे नाही हे सर्व तपासण्यांनी जवळपास स्पष्ट झाले असेल, तेव्हा किरणोपचाराला काय अर्थ उरतो? रोग हाडांत पसरला की वेदना असह्य होतात. अशा वेळी ८ ग्रेची एकच मात्रा त्या हाडावर दिली जाते आणि बहुसंख्य रुग्णांचे दुखणे काही आठवड्यांत लक्षणीय कमी होते. अनेक दिवस विभागून दिलेल्या मात्रेइतकाच तिचा वेदनेवर उपयोग होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. आयुष्य तेवढेच राहते. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात समर्थ रामदासांनी तापत्रयाचे, म्हणजे तीन प्रकारच्या दुःखांचे, वर्णन करताना देहाच्या व्याधींची लांबलचक यादी आध्यात्मिक तापात घातली आहे, मरण आणि ताप या तिथे वेगळ्या गोष्टी आहेत. मरण प्रारब्धाचे मानले तरी ताप सोसलाच पाहिजे असे त्यातून निघत नाही. ज्या कुटुंबाने ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून रुग्णाला गावी परत आणले, त्यालाही ही एका दिवसाची फेरी करता येते, आणि दुखणे पुन्हा उफाळले तर बहुधा त्याच जागी दुसऱ्यांदा मात्रा देता येते.