बोलता न येणाऱ्याचा आक्रोश

(शास्त्रभाग : निर्गम २:१-१०)



फारोपुढे निर्भयपणे उभा राहणारा, तांबड्या समुद्रातून लोकांना पार नेणारा, सीनाय पर्वतावर देवाशी बोलणारा मोशे आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या महान देवभक्ताचे शास्त्राने नोंदवलेले पहिले कृत्य कोणते? नाईल नदीच्या काठी, लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यात, तीन महिन्यांचा मोशे रडत होता (निर्गम २:६). पुढे आपण बोलण्यात जड आहोत अशी सबब देवापुढे सांगणाऱ्या या मनुष्याचे (निर्गम ४:१०) पहिले भाषण शब्दांवाचूनचे होते. आणि त्याच भाषणाने ऐकणारीच्या अंतःकरणाला पाझर फुटला व त्याचा जीव वाचला.

ज्या घरात अद्याप बोलता न येणारे मूल आहे, त्या घरातील आईबापांनी या प्रसंगाचे मनन अवश्य करावे. रात्री दोन वाजता बाळ भोकाड पसरते. दूध दिले तर तोंड फिरवते, उचलून घेतले तर पाठीची कमान करते, खाली ठेवले तर आकांत दुप्पट होतो. वर्षाचे झाल्यावर आणखी निराळेच प्रकार सुरू होतात. हातातली कात्री काढून घेतली की अंग टाकून देणे, पाय झाडणे, डोके आपटणे! शेजारी म्हणतात, "फार लाडावून ठेवलंय." एखादे वडीलधारे नातलग सुचवतात, "एक चापट द्या, म्हणजे बरोबर कळेल त्याला." नोकरीनिमित्त दिल्लीस, बंगळूरास किंवा इंदुरास एकटे राहणाऱ्या आपल्या कितीतरी तरुण कुटुंबांत तर बाळाला मांडीवर घेणारी आजीही जवळ नसते. दोन थकलेली माणसे आणि एक रडणारे मूल! अशा वेळी मनात एकच इच्छा उरते : हे रडणे कसेही करून थांबावे.

प्रिय वाचकहो, "कसेही करून" या दोन शब्दांपाशी आपण थोडे थांबू या. मूल गप्प होणे आणि मूल शांत होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक माता कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत असत. तिला 'बाळागोळी' म्हणत. त्या माता निष्ठुर नव्हत्या. लांबलचक पाळ्या, अपुरी मजुरी आणि घरी मूल सांभाळायला कोणी नाही, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या. मूल तासन्‌तास निपचित पडून राही. पण त्या निपचितपणात त्याची भूकही मुकी होई आणि त्याचे आजारपणही मुके होई. घरात शांतता दिसे, पण ती मुलाची शांती नव्हती.

मोशेच्या गोष्टीत तर मुलाचे रडणे जिवावरचे संकट होते. इब्री लोकांचा प्रत्येक नवजात मुलगा नदीत टाकावा, अशी फारोची आज्ञा होती (निर्गम १:२२). आपले मूल आणखी लपवता येत नाही असे तीन महिन्यांनी त्या आईच्या ध्यानात आले. कदाचित त्याचा वाढता आवाजच त्याचे कारण असेल. तरीही तिने त्याचा आवाज मारून टाकला नाही. जिथे कोणीतरी तो ऐकेल, अशा जागी तिने त्याला नेऊन ठेवले. तो आवाज ऐकणारी फारोची कन्या होती. परमेश्वराला न ओळखणाऱ्या या स्त्रीने त्या दिवशी जे केले, त्यातून आपणास तीन धडे मिळतात.

१. तिने उघडून पाहिले.

पेटारा आणवून तिने तो उघडला आणि आत पाहिले. रडण्याविषयी मत बनवण्याआधी तिने रडणारा पाहिला.

मराठीत म्हण आहे की, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. म्हणीतला टोमणा सोडून द्या, पण तिच्यात एक सत्य आहे : तान्ह्या मुलाजवळ मागण्याचे दुसरे साधनच नाही. साधारणपणे पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या सुमारास येतो. पण भूक, झोप, ओले दुपटे, पोटातील वारा, हिरड्यांची ठणक, कानातील दुखणे आणि एकटेपणाची भीती या गोष्टी शब्दांची वाट पाहत नाहीत. पुष्कळ बाळांचे रडणे जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ते शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरू लागते. त्या काळात काही वेळा कोणतेही कारण सापडत नाही. तो आईचा दोष नसतो आणि मुलाचाही नसतो. आठ-नऊ महिन्यांचे मूल आई नजरेआड होताच आक्रोश करते. कारण ती परत येणार आहे हा भरवसा त्याच्या ठायी अजून पक्का झालेला नसतो. हट्ट आणि थयथयाट बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास सुरू होतात. या वयात समज वाणीच्या पुढे धावते. मुलाला काय हवे ते त्याला ठाऊक असते, पण सांगता येत नाही. आणि मग सारे शरीरच त्याची जीभ बनते.

म्हणून प्रथम पाहावे. शेवटचे दूध केव्हा झाले? झोप किती झाली? अंग गरम आहे काय? तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल, किंवा कोणत्याही वयाचे मूल दूध नाकारत असेल, मलूल पडत असेल, वारंवार उलट्या करत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. प्रार्थना अवश्य करावी. ती दवाखान्याच्या वाटेवरही करता येते.

एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. दूताकरवी त्याने भाकर आणि पाणी दिले, त्याला पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. आणि होरेब पर्वतापर्यंत पोहोचल्यावरच, तू येथे काय करतोस, असा प्रश्न त्याला विचारला (१ राजे १९:४-९). थोर संदेष्ट्याच्या बाबतीत परमेश्वराने जो क्रम पाळला, तो आठ महिन्यांच्या लेकराच्या बाबतीत आपण का पाळू नये?

२. तिला कळवळा आला.

रडणे ऐकून दोन गोष्टी होऊ शकतात. ऐकणाऱ्याला दया येते किंवा राग येतो. तासभर चाललेला आकांत ऐकून राग येणे हे मानवी आहे. परंतु त्या रागाच्या हाती मूल देणे भयंकर आहे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान दुबळी असते. संतापाच्या भरात बाळाला धरून गदागदा हलवले, तर काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊन त्याची दृष्टी किंवा प्राणही जाऊ शकतो. ही गोष्ट दुष्ट माणसांच्याच घरी घडते असे नाही. दमलेल्या, एरवी प्रेमळ असलेल्या माणसांच्या हातूनही ती घडते.

म्हणून आईबापांनो, हे ध्यानात ठेवा. आपला तोल सुटतो आहे असे वाटताच बाळाला पाळण्यात किंवा अन्य सुरक्षित जागी उताणे ठेवा, खोलीबाहेर या, पाणी प्या, काही मिनिटे प्रार्थना करा, शक्य तर कोणाला तरी हाक मारा आणि मग परत जा. पाच मिनिटे रडल्याने बाळाला इजा होत नाही. क्षणभराच्या संतापाने होते. आत्म्याच्या फळांत सहनशीलता, सौम्यता आणि इंद्रियदमन यांचा समावेश आहे (गलती ५:२२-२३). घरात ही फळे प्रथम कोणी धरावीत? ज्याला अजून चालताही येत नाही त्याने, की आपण?

येथे कोणी म्हणेल, "शास्त्र छडीविषयीही बोलते" (नीतिसूत्रे १३:२४). होय, बोलते. परंतु नीतिसूत्रांचा शिक्षक आपल्या शिष्याला पुन्हा पुन्हा ऐकण्याची विनंती करतो (नीतिसूत्रे १:८). त्याचे शिक्षण समजू शकणाऱ्यासाठी आहे. ज्याला आज्ञाच कळत नाही, त्याला आज्ञाभंगाची शिक्षा कशी द्यावी? चापट खाल्लेल्या दहा महिन्यांच्या बाळाला एवढेच कळते की, ज्या हातांत आपण सुरक्षित होतो तेच हात दुखवतात. आणि मुलांना चिडीस आणू नये ही आज्ञा पौलाने विशेषेकरून बापांना दिली आहे (इफिसकरांस ६:४), हेही आपण विसरू नये. रात्री बाळ रडू लागताच कूस बदलून पांघरूण ओढून घेणारा बाप या वचनापासून पळू शकत नाही. स्वतः परमेश्वर इफ्राइमाला आपण हाती धरून चालावयास शिकवले, वाकून खाऊ घातले, असे सांगतो (होशेय ११:३-४). जो स्वर्गातून खाली वाकतो, त्याच्या लेकरांना पाळण्यावर वाकण्यात कसला कमीपणा?

३. तिने सांभाळण्याची व्यवस्था केली.

फारोच्या कन्येचा कळवळा डोळ्यांतील पाण्यातच विरून गेला नाही. मुलाला दूध हवे होते. बहिणीच्या सांगण्यावरून तिने दाई ठेवली, तिचे वेतन ठरवले आणि देवाच्या अद्भुत योजनेने ते मूल आपल्याच आईच्या कुशीत परतले.

आपणही मुलाची खरी गरज पुरवावी. पुष्कळदा ती गरज त्याने मागितलेल्या वस्तूहून निराळी असते. कात्री मागणाऱ्या मुलाला कात्री देऊ नये; ती काढून घ्यावी, दूर ठेवावी, आणि रडणाऱ्याला जवळ घ्यावे. "नाही" हा शब्द बदलू नये आणि मांडीही काढून घेऊ नये. आज रडल्यावर दिली, उद्या रडल्यावर मारले, असे झाले तर मुलाला कसलाच अंदाज बांधता येत नाही. मोजके शब्द, हळू आवाज, तीच ती कृती. यांतून त्याला हळूहळू कळते की, येथे मर्यादा आहे आणि येथे प्रेमही आहे. त्याला बोलण्यासाठी हातही द्यावेत. 'टाटा' करायला शिकणारे मूल भूक लागल्यावर तोंडाकडे बोट नेण्याची, पुरे झाल्यावर हात हलवण्याची खूणही शिकू शकते. ज्या मुलाची खूण कळली, त्याला किंचाळण्याचे कारण तेवढे कमी उरते.

आज बाळागोळीचा काळ सरला आहे; पण आपल्या हाती एक नवी गोळी आली आहे. मूल रडू लागताच त्याच्यापुढे मोबाइल धरला जातो आणि क्षणात ते स्तब्ध होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना असा पडदा दाखवू नये, आणि दोन वर्षांनंतरही तो दिवसाकाठी तासाभराहून अधिक नसावा, असे सांगितले आहे. दूर गावच्या आजीशी त्यावर चार गोड बोल बोलणे वेगळे. परंतु प्रत्येक आक्रोशावर तोच उतारा दिला, तर दुःखात माणसाकडे वळावे हे ते मूल कोठे शिकेल? अशा वेळी आपल्या हातून नकळत पेटारा पुन्हा बंद केला जात नाही ना, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मंडळीलाही येथे काही सांगणे आहे. लोक तान्ह्या बाळांना येशूकडे आणू लागले तेव्हा दटावणारे शिष्यच होते. प्रभूने मात्र त्यांना जवळ बोलावले (लूक १८:१५-१६). उपासनेत एखादे बाळ रडू लागले की किती माना मागे वळतात! ती आई खाली मान घालून बाहेर जाते आणि पुढच्या रविवारी येतच नाही. त्या वळलेल्या मानांपैकी एखादी उठून तिच्या शेजारी जाईल आणि "द्या त्याला थोडा वेळ माझ्याकडे" असे म्हणेल, तर तोही त्या दिवशीचा एक उपदेशच होईल.

प्रियजनहो, निर्गमाच्या या दुसऱ्या अध्यायाचा शेवट पाहा. त्याचा आरंभी ऐकू येतो एका बाळाचा आक्रोश. शेवटी ऐकू येते गुलामगिरीत पिचलेल्या एका राष्ट्राचे कण्हणे, आणि देव ते ऐकतो (निर्गम २:२३-२५). पौल तर म्हणतो की, कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपली रदबदली करतो (रोमकरांस ८:२६). देवापुढे आपणही बोलता न येणारी लेकरेच आहोत. काय हवे ते सांगता येत नाही, नको ते मागतो, हात-पाय झाडतो. आणि तो आपल्याला गप्प करत नाही, ऐकून घेतो. ज्याचे असे ऐकून घेतले गेले आहे, त्याने आज रात्री आपल्या घरातील त्या लहानग्याचे ऐकावे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमचे कण्हणे तू ऐकतोस. रात्रीच्या प्रहरी थकलेल्या प्रत्येक आईबापाला तुझा धीर दे, त्यांच्या हातांना सौम्यता दे आणि शब्दांवाचून बोलणाऱ्यांची भाषा आम्हांला समजू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.