एक पणती उरते

गेल्या वर्षी दिवाळीची सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी पंचवटीतल्या आमच्या शाळेत मी मूळ संख्या शिकवीत होतो. एकाहून मोठ्या ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११... एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, सगळ्यांत मोठी मूळ संख्या कोणती?’’ मला उत्तर येत नव्हते. पण साऱ्या वर्गासमोर तसे कबूल कोण करणार? ठोकून दिले, ‘‘आहे एक; पण ती अजून कोणालाच सापडलेली नाही.’’ त्याने ते निमूटपणे वहीत उतरून घेतले.

घरी पणत्या मांडताना माझी चूक उमगली. पणत्या ३० होत्या. दोनदोनच्या, तीनतीनच्या, पाचपाचच्या ओळी करा, बरोबर बसत. धाकटीने आणखी एक आणून ठेवली आणि प्रत्येक मांडणीत एक पणती उरू लागली. सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडने केलेला युक्तिवाद हाच. ठाऊक असलेल्या सर्व मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवा. त्यांतल्या कशानेही भागा, एक उरतोच. म्हणजे ही नवी संख्या स्वतः तरी मूळ असते, नाहीतर यादीबाहेरच्या एखाद्या मूळ संख्येने तिला भाग जातो. यादी पुरी होतच नाही. सर्वांत मोठी मूळ संख्या सापडलेली नाही असे नव्हे, ती नाहीच!

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांना संगणकांच्या साह्याने एक मूळ संख्या सापडली : दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक उच्चारला तरी अहोरात्र ४७५ दिवस लागतील. निरनिराळ्या यंत्रांवर पडताळा घेऊन मगच ती जाहीर झाली, आणि तीसुद्धा ‘तोवर ठाऊक असलेल्यांत सर्वांत मोठी’ म्हणून. एवढी सावधगिरी त्यांनी बाळगली. मी एका वाक्यापुरतीही बाळगली नाही.

आमच्या जवळच, देवळालीच्या शाळेत, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९६२ पर्यंत शिकवीत. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या; तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करीत राहा; फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता, हे त्यांनी दाखविले. मनाला असा मुक्काम आवडतो. पण मुक्काम नसेल तिथे तो कल्पून सांगणे ही फसवणूक होय.

‘मला माहीत नाही’, ‘कोणालाच माहीत नाही’ आणि ‘असे काही नाहीच’ ही तीन वेगवेगळी वाक्ये आहेत. पहिले बोलण्याची लाज वाटली म्हणून मी दुसरे बोललो आणि माझे अज्ञान साऱ्या जगाच्या माथी मारले.

सुटी संपल्यावर वर्गात ३१ खडू मांडून सारे समजावून सांगितले. मुलाने वहीतली ओळ खोडली आणि विचारले, ‘‘गुरुजी, तेव्हा तुम्हांला हे माहीत होते?’’

‘‘नव्हते,’’ मी म्हणालो. वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द वर्गात मी प्रथमच उच्चारला.